काच वेगळी, कागद वेगळा

दस्तगीरभाई कचऱ्याला कधी कचरा म्हणाले नाहीत. ते 'माल' म्हणत. "आज माल लई चांगला आलाय, सायेब," असं सकाळी सकाळी ते मला सांगत, तेव्हा त्यांच्या गाडीत भाजीची देठं, चुलीची राख, उष्ट्या पत्रावळी आणि एखादी मेलेली घूस असे. मी नाकाला रुमाल लावून "वा, वा" म्हणत असे. हुद्द्यानं मी त्यांचा साहेब होतो. ही गोष्ट आठवली की अजून माझे कान गरम होतात.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधी मी भोर संस्थानात स्वच्छता इन्स्पेक्टर म्हणून रुजू झालो. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्या जोरावर मी एक सोला हॅट, एक शिट्टी आणि 'आधुनिक कचरा-व्यवस्था' असा मथळा लिहून त्याखाली दोन रेघा मारलेली वही घेऊन मोटारीतून उतरलो. शिट्टी कशासाठी होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हॅट मात्र उपयोगी पडली. ती लांबून दिसली की आळीतल्या बायका आपापल्या दारासमोरचं खरकटं पटकन शेजारणीच्या दारासमोर सरकवत.

दस्तगीरभाई आमच्या खात्याचे गाडीवान. खात्याचे म्हणजे तसं बघायला गेलं तर तेच खातं. झाडणाऱ्या चार बाया, ते, त्यांचा बैल पाखऱ्या आणि वर मी. दस्तगीरभाई अंगानं उंच, वाळलेले, पायांत जुन्या टायरच्या वहाणा. उजव्या कानावर एक विडी कायम खोचलेली, पण ती पेटवलेली मी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणाले, "खड्ड्यापशी इस्तू नको. आन् म्या दिसभर खड्ड्यापशीच असतो." मग विडी कशाला? "संगं असली म्हंजी बरं वाटतं." गाडीत ते कधी बसत नसत. बैलाच्या शेजारून चालत. रिकाम्या गाडीतही बसत नसत. पहिल्या दिवशी मी ऐटीत गाडीत चढलो आणि त्यांना म्हणालो, "बसा की तुम्हीही." ते म्हणाले, "न्हाई सायेब, बैल मालाचं वझं वढतो. म्या काय माल हाय व्हय?" मी मालात बसलो होतो. उतरलो.

माझ्या वहीतलं पहिलं कलम होतं झाकणाचे डबे. घरोघरचे उकिरडे बंद, प्रत्येक आळीला एक लोखंडी पत्र्याचा डबा. हिरवा रंग, दोन कड्या, वर घट्ट झाकण. वीस डबे आले. मी ते स्वतः उभा राहून मांडून घेतले, शिट्टी वाजवली, एक छोटं भाषणही केलं. दोन दिवसांनी फेरीला गेलो तर एकाही आळीत डबा नाही. मी हादरलो. वरती पाठवायला अर्ज लिहिला की अज्ञात चोरट्यांनी खात्याची मालमत्ता लांबवली आहे. अर्जाचा कागद हातात असतानाच दस्तगीरभाई भेटले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला माझ्यासंगं. टोपी तेवढी काडा."

पहिल्याच घरात माजघरात डबा होता. धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून, आंबेमोहोर तांदळानं काठोकाठ भरलेला. घरची म्हातारी कौतुकानं म्हणाली, "सरकारनं लई ब्येस डबा दिला बगा. उंदीर न्हाई लागत." दुसऱ्या घरात डाळ. तिसऱ्या घरात लग्नाची पातळं. मी हताश होऊन घरी आलो आणि बायकोला हे सांगायला स्वयंपाकघरात गेलो, तर ती आमच्या आळीच्या हिरव्या डब्यातून मापट्यानं तांदूळ काढत होती.

"अगं, हा कचऱ्याचा डबा!"

"काहीतरीच तुमचं," ती म्हणाली. "इतक्या चांगल्या भांड्यात कचरा टाकतं का कुणी?"

दुसऱ्या दिवशी दस्तगीरभाईंनी हेच आपल्या भाषेत सांगितलं. "सायेब, ब्येस भांडं दिसलं की बाईचा हात त्यात घाण टाकाया धजत न्हाई. पुढच्या डब्यांच्या बुडाला आदी भोकं पाडा. मंग कुणी घरात न्हेनार न्हाई." आम्ही तुपाचे जुने डबे जमवले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, आणि भोर गाव सुधारलं. माझ्या वहीत हे कलम नव्हतं. मी ते मागाहून घातलं, आणि कुणी सुचवलं ते लिहायचं राहून गेलं. हिरवे डबे होते तिथंच राहिले. तांदूळ ओतून डबे परत करा असं सांगायला मी आधी माझ्या घरी धजलो नाही, तर दुसऱ्याच्या घरी काय धजणार?

त्यांचे खड्डे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मात्र मला खरोखर राग आला. गावाबाहेर नीरेच्या वरच्या अंगाला माळ होता. तिथं ओळीनं सहा खड्डे, वर पालापाचोळा, बाजूला काचेचा ढीग, लोखंडाचा ढीग, चिंध्यांचा ढीग, हाडांचा ढीग. मी वही उघडली आणि 'अशास्त्रीय' असं लिहिलं. हे वीस वर्षं चाललं होतं. गावचा माल तिथं आणायचा, हातानं निवडायचा, मग खड्ड्यात थर लावायचे. ओल्याचा थर, सुक्याचा थर, शेणकाला, राख, माती, परत ओला. त्याचं खत करायचं आणि मावळातले शेतकरी गाड्या आणून ते घेऊन जायचे. पालीहून, राजगडाच्या पायथ्यापासून एक पाटील गाडी जुंपून यायचा. त्याला मी विचारलं, "तुमच्या गावात कचरा नाही का?" तो म्हणाला, "आमच्यात राब भाजायलाच पाचुळा पुरत न्हाई, कचरा कुठनं उरंल?" भाताचं रोप टाकण्याआधी त्या जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. कोर्समध्ये नव्हतं.

खड्ड्यात दस्तगीरभाई एक लांब सळई खुपसून ठेवत. सकाळी आले की ती उपसून हातात धरत. चटका बसला की खूष. "ताप आलाय," म्हणत. "मानसाला ताप आला की वंगाळ, मालाला आला की बरं." सळई गार लागली तर दिवसभर जेवण गोड लागत नसे. खड्डा उकरून परत थर लावत.

मी त्यांना एकदा विचारलं, "काच निवडायला एवढा वेळ का घालवता? घमेल्यानं ओता आणि मोकळे व्हा."

ते हातातलं काम सोडून उभे राहिले. पालीकडच्या एका बाईच्या पायात, लावणीच्या वेळी, यांच्याच खतातली काच गेली होती. नव्यानं काम धरलं त्या वर्षीची गोष्ट. बाई त्या पावसाळ्यात परत चिखलात उतरली नाही, पुढंही लंगडत राहिली. "भाताच्या चिखलात मानूस अनवानी अस्तंय, सायेब. वर पानी, खाली काय हाय ते दिसत न्हाई. ते आपुन हितंच बगायचं." मग खाली बसून परत निवडायला लागले. मी पुन्हा वही उघडली आणि मिटली.

मालावरून त्यांना घरं वाचता येत. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाकडं आजारी माणूस पेजेवर आहे, कुणाची चूल आठवडाभर नीट पेटलेली नाही, सगळं त्यांना कळे. मला वाटलं, ही तर खात्याला मोठी मदत. मी विचारलं, "दस्तगीरभाई, भोकाच्या डब्याबाहेर घाण टाकणारं घर कुठलं, तेवढं सांगा." ते म्हणाले, "माल बगायचा, घर न्हाई बगायचं." एकदा मात्र एका घरची राख तीन दिवस आली नाही, तेव्हा त्या घराच्या ओट्यावर सकाळी कुणीतरी पायलीभर जोंधळे ठेवून गेलं. त्या दिवशी दस्तगीरभाई गाडीबरोबर थोडे उशिरा आले. मी त्यांना उशिराबद्दल बोललो. होय, बोललो.

माझ्या वहीतलं सगळ्यात मोठं कलम होतं भट्टी. कचरा जाळून टाकायची विटांची भट्टी, उंच धुराडं, आधुनिक जगाची खूण. ती बांधून होईपर्यंत मी रोज जाऊन विटा मोजत असे. भट्टी चालू झाली की खड्डे बुजवायचे असं मी ठरवून टाकलं होतं, आणि तसं दस्तगीरभाईंना सांगितलंही. त्यांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाले, "पालीचा पाटील या साली दोन गाड्या मागतोय. येवढं साल होऊ द्या." मी म्हणालो, "शास्त्रापुढं पाटलाचं काय?" आज ते वाक्य माझ्या तोंडचं आहे यावर माझाच विश्वास बसत नाही.

उद्घाटनाला दरबारातले एक अधिकारी आणि गावची चार प्रतिष्ठित मंडळी बोलावली. हार, तुरे, पानसुपारी. मी पेटती काडी आत टाकली. धूर आला. इतका आला की प्रतिष्ठित मंडळी एकमेकांना हाका मारून शोधू लागली. जाळ म्हणून काही दिसेना. मी रॉकेल ओतलं. रॉकेल जळलं, कचरा तसाच. डोळे पुसत पुसत मी दस्तगीरभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "हे पेटत का नाही?"

"सायेब," ते अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "भोरचा निम्मा माल चुलीची राखच हाय. राख कशी पेटंल?"

इतकी साधी गोष्ट त्यांनी आधी का सांगितली नाही, म्हणून मी चिडलो. ते म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई." खरंच विचारलं नव्हतं. पुढं त्या भट्टीत एका कोंबडीनं अंडी उबवली. उष्णतेचं तेवढंच कार्य त्या वास्तूत झालं.

खड्डे वाचले. आता त्यांचं एकच मागणं उरलं, आणि ते त्यांनी दर वर्षी मृग लागायच्या आधी माझ्यासमोर ठेवलं. खड्ड्यांवर छप्पर. भोरचा पाऊस उभा पडतो आणि आडवाही पडतो. चार महिने खड्डे तुडुंब भरायचे, तापलेला माल गार पडायचा, निम्मं खत पाण्याबरोबर नीरेत जायचं. "चार पत्रं द्या सायेब. सालभर रांधायचं आन् ताट पान्यात सोडायचं, असं हुतंया." मी दर वर्षी "बघू" म्हणालो. एकदा तर "प्रस्ताव पाठवतो" म्हणालो. पाठवला नाही. भट्टीच्या प्रकारानंतर काही मागायला वर जायची मला लाज वाटत होती, आणि माझी लाज झाकायला त्यांचं खत वाहून जात होतं.

मग लढाई लांबत गेली. धान्याची टंचाई झाली, जास्त पिकवा, खत करा, असे हुकूम सगळीकडं सुटू लागले. त्यातच पुण्याहून एक पुस्तिका आली. गावच्या कचऱ्यापासून शास्त्रीय पद्धतीनं खत कसं करावं. मी ती उघडली. ओल्याचा थर, सुक्याचा थर, शेणकाला, राख, माती. आकृतीत खड्डा काढला होता आणि खड्ड्यात चक्क एक सळई. मी पुस्तिका मिटली, वही काढली, आणि 'अशास्त्रीय' हा शब्द खोडला. खोडताना कागद फाटला.

महिन्याभरात पुण्याचे मोठे साहेब खड्डे बघायला आले. त्यांनी बूट चिखलात घातले, मूठभर खत उचललं, वास घेतला आणि हरखून म्हणाले, "वा! अहो, आमच्या पुस्तिकेच्या आधीपासून इथं हे चालू आहे? कुणी सुरू केलं?"

दस्तगीरभाई दहा पावलांवर पाखऱ्याचा कासरा धरून उभे होते. मी तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं होतं, अशी माझी समजूत आहे. बाहेर आलं ते असं, "आमच्या खात्यानंच, साहेब." आणि वर मी नम्रपणे मान खाली घातली. कोर्समध्ये शिकवलं नव्हतं, तरी हे मला फार छान जमलं.

तिथंच, माळावर, त्यांनी मला छापील प्रशस्तिपत्रक दिलं. माझं नाव सुबक अक्षरांत घातलं. मग म्हणाले, "बोला, खात्याला काय हवं? एखादी गोष्ट लगेच मंजूर करतो."

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. चार वर्षं ज्या एका गोष्टीसाठी ते माझ्या दारी येत होते ती त्या क्षणी एका शब्दावर होती. त्यांनी कानावरची विडी काढली, परत खोचली. मी ते पाहिलं, आणि तरी म्हणालो, "फेरीसाठी एखादी सायकल मिळाली तर..."

सायकल मिळाली. चांगली होती. घंटीही होती.

दस्तगीरभाई पाखऱ्याला वळवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी माल घेऊन वेळेवर आले. "सायकल ब्येस हाय," एवढंच म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, हे जास्त वाईट. मी पत्रक काचेच्या चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं. आल्यागेल्याला ते दिसावं म्हणून खुर्ची सरकवून ठेवली.

जुलैत मी सायकलवरून माळाकडं गेलो. पाऊस लागून राहिला होता. सहाही खड्डे भरून वाहत होते आणि काळं पाणी उतारानं नदीकडं चाललं होतं. दस्तगीरभाई कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून घमेल्यानं खत वर काढत होते. वर काढलेलं परत ओघळून खाली येत होतं. त्यांनी मला पाहिलं नाही. मी हाक मारायला हवी होती, उतरायला हवं होतं. मी सायकल वळवली. वळवताना घंटी वाजली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, अगदी 'आमच्या खात्यानंच' पासून. तिनं ऐकून घेतलं. मग भिंतीकडं बोट करून म्हणाली, "मग हे इथं का आहे? काढा ते. मला त्याच्याखाली बसून भाजी निवडायची लाज वाटते."

मी चौकट काढली आणि जशीच्या तशी नेऊन दारातल्या भोकाच्या डब्यात टाकली. आपण फार मोठं काही केलं असं मला वाटलं. रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरभाई दारात. हातात काच, स्वच्छ पुसलेली. काखेत चौकटीच्या चार पट्ट्या. आवाजात राग होता, आणि तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सायेब, काच आन् कागूद येका डब्यात टाकलं तुमी? इतकी सालं झाली. कुनी दुसऱ्यानं टाकलं असतं तर म्या बोललो नसतो. ह्ये फुटून मालात गेलं असतं म्हंजी?"

"चुकलं, दस्तगीरभाई," मी म्हणालो. "सगळंच चुकलं."

ते जरा नरमले. "काच पायजे तुमास्नी?"

"नको."

"मंग म्या ठिवतो." ते गाडीकडं गेले. कागदाचं काय झालं ते मी विचारलं नाही. छाती झाली नाही.

त्याच दुपारी मी हॅट घरी ठेवून निघालो. आधी आमच्याच स्वयंपाकघरातला हिरवा डबा. मी काही बोलायच्या आत बायकोनं तांदूळ धोतराच्या पानावर ओतला होता. मग आळीआळीनं. पहिल्या घरची म्हातारी मला बघून दचकली. गाव दस्तगीरभाईंना मामा म्हणे. मी म्हटलं, "आजी, डबा परत हवा होता. कापून पत्रे करायचेत, दस्तगीरमामांच्या खड्ड्यांवर छप्पर घालायला."

"मामांच्या छपराला?" ती उठलीच. "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय? टोपी घालून यायचं आन् तिसरंच बोलायचं! ए सुनबाई, तांदूळ वत खाली!"

वीसपैकी अठरा डबे आले. उरलेल्या दोनांत एका घरची पातळं होती आणि दुसऱ्या घरी बाळंतीण. लोहारानं डबे उभे चिरून, ठोकून सपाट केले. खांब मी सायकल विकून आणले असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण सायकल खात्याची होती. खांब पालीच्या पाटलानं दिले. पत्रे मी वाहिले. दोन खड्ड्यांना पुरले. हिरव्या रंगाचं छप्पर, कुठं कडी, कुठं हळदीकुंकवाचा डाग.

पुढं संस्थान विलीन झालं, खाती बदलली, माझी बदली झाली. निघायच्या सकाळी मी माळावर गेलो. पाऊस चालू होता. दस्तगीरभाई छपराखाली कोरड्यात उकिडवे बसून माल निवडत होते, कानावर विडी, मधे मधे सळई उपसून हातात धरत. छपराखाली अंधार असायला हवा होता, पण त्यांच्या हातांवर आणि समोरच्या मालावर चौकोनी उजेड पडला होता. मी वर पाहिलं. दोन पत्र्यांच्या मधे माझ्या प्रशस्तिपत्रकाची काच बसवलेली होती.

"उजेड बरा पडतो," ते म्हणाले. "बारीक तुकडा बी दिसतो."

आता विचारलं नसतं तर कधीच विचारलं नसतं. मी म्हणालो, "दस्तगीरभाई, आणि तो कागद?"

त्यांनी सळईनं समोरचा खड्डा दाखवला आणि बैलाची पाठ थोपटावी तसा हात वरच्या मातीवर ठेवला.

"त्यो व्हय? त्याच साली गेला की पालीला, भाताला. लई चांगला कुजला हुता, सायेब."